संत्रं सोलून दे ना, ताई

गुड्डे, रविवारी अकोल्याला तुझ्या खोलीवर आले तेव्हा वरूडची संत्री आणली होती. आंबिया बहाराची, सैल सालीची. तू त्यातलं एक उचललंस, दोनदा हातात फिरवलंस आणि माझ्यापुढं धरलंस. "सोलून दे ना, ताई." लाडात म्हणालीस, तुझ्या मैत्रिणी हसल्याही. मी सोलून दिलं. पण सतरा वर्षांची पोरगी वरूडचं संत्रं सोलू शकत नाही म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं. साल उचलायला नखच नव्हतं. पहिली फोड तोंडात टाकताना रस बोटावर ओघळला आणि तू हात असा झटकलास जसा काही विंचू डसला.

तेव्हा काही बोलले नाही. खोलीत दोघी मैत्रिणी होत्या आणि असल्या गोष्टी चारचौघींत काढल्या की मूठ आणखी घट्ट मिटते. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत तुझा तो अंगठाच डोळ्यांपुढं होता. तू पेन धरतेस तेव्हा अंगठा आत दुमडून घेतेस, चहाचा कप बोटांच्या पेरांवर तोलतेस, फोटोत हात ओढणीखाली असतात. तुला वाटतं कोणाला समजत नाही. मला समजतं, कारण बारा वर्षं तो अंगठा माझा होता. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल.

माझं सुरू झालं शाळेत. दर सोमवारी प्रार्थनेनंतर बाई नखं तपासायच्या. ज्यांची वाढलेली त्यांच्या बोटांवर पट्टी. माझी नखं पाहून बाई म्हणायच्या, बघा, किती स्वच्छ! स्वच्छ कुठली, रविवारी रात्रीपर्यंत खाऊन फस्त केलेली. मला त्याबद्दल शाबासकी मिळायची, हे आईला आजही पटत नाही.

मग उपाय सुरू झाले. आईनं आधी हातावर चापट्या मारल्या, मग दळिद्र येतं म्हणून सांगितलं. एका उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या गावी आजीनं कडूनिंबाचा पाला वाटून दहाही बोटांना लावला. दोन दिवस तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी कडूची सवय झाली. नंतर काकूनं मिरचीचा ठेचा लावला, तो मी डोळ्याला चोळला, आणि घरात जो गोंधळ झाला त्यात नखांचा विषय मागं पडला. आजी तेवढी एकदा विहिरीपाशी बसून म्हणाली, "काऊन वं, घरी जेवाले नाई भेटत का तुले?" आणि मग स्वतःशीच, "हाताले काम दे वं. तोंडात कायले जाईन मंग?"

आजीचे हात तुला आठवतात का? कापूस वेचून वेचून झालेले. बोंड फुटलं की त्याच्या वाळलेल्या टरफलाची टोकं काट्यासारखी होतात. एका हातानं पऱ्हाटी वाकवायची, दुसऱ्या हाताच्या पाच बोटांनी कापूस उपसायचा, आणि ते दिवसभर. नखांच्या कडांना चिरा, सालपटं निघालेली, त्यात संध्याकाळी भाकरीचं गरम पीठ. ज्या बाईला नख कुरतडायला खरं कारण होतं, ती कधी कुरतडायची नाही. धुणं झालं की ओल्या, मऊ झालेल्या नखाची खरखरीत कड ती धुण्याच्या दगडावर घासायची. दोन-तीनदा, सहज. कड गुळगुळीत. मी हे शंभरदा पाहिलं असेल आणि मला त्यातलं काही कळलं नाही. वर्षं गेली तेव्हा कळलं.

मधे बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. नखाच्या कडेचं एक सालपट दातानं ओढलं, ते जिवंत कातडीपर्यंत फाटत गेलं, दुसऱ्या दिवशी कड लाल, तिसऱ्या दिवशी अंगठा टमटमीत आणि रात्रभर ठणका. शेजारच्या काकूंनी लिंबाला भोक पाडून टोपीसारखं अंगठ्यात घातलं. गुड्डे, उघड्या जखमेवर लिंबू म्हणजे काय असतं ते मी तुला सांगणार नाही. शेवटी डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. पेपर मी पट्टी बांधलेल्या अंगठ्यानं लिहिला आणि घरी सांगितलं की दारात बोट चेमटलं. खोटं बोलले, कारण बावीस वर्षांची बाई नखं खाते हे सांगायची लाज वाटली. त्या लाजेनं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं नखुरड्यानं केलं नाही. लाज वाटली की माणूस हात लपवतं, आणि लपवलेला हात सगळ्यांत आधी तोंडातच जातो.

तर आता ऐक. तू डॉक्टर होणार आहेस म्हणून तुला कारणासकट सांगते.

नख खाताना तू ठरवून खात नाहीस. हात आपला आपण वर जातो, बोट ओठापाशी थांबतं, दुसरं बोट त्या नखावर खरखरीत कड शोधतं, कड सापडली की दात तिला सरळ करायला जातात, सरळ होत नाहीच, आणखी फाटते. तुला जाग येते ती रक्त आलं की. मग 'आजपासून नाही खाणार' अशी शपथ घेऊन काय उपयोग? शपथ घेणारी तू जागी असतेस, खाणारा हात झोपेत असतो. अमेरिकेतल्या नॅथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सवयींवर एक पद्धत मांडली, ती आजही वापरतात. तिच्यात शिक्षा नाही, कडू नाही. आधी हात कधी निघतो ते ओळखायचं. मग तो निघाला की त्याला असं काम द्यायचं, जे करत असताना तोंडात जाताच येणार नाही. आजीनं विहिरीपाशी तेच सांगितलं होतं. फक्त तिनं पेपर छापला नाही.

पहिले तीन-चार दिवस सोडायचा प्रयत्नच करू नकोस. खरंच. फक्त वहीच्या समासात टिंब काढ. बोट ओठाला लागलं, टिंब. त्याशेजारी एक शब्द, त्या वेळी काय चाललं होतं तो. मी हे केलं तेव्हा मला वाटत होतं माझी टिंबं टेन्शनमध्ये पडतील. पडली ती भलतीकडेच. बडनेऱ्याच्या फलाटावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहताना. मोबाइलवर काहीतरी लांबलचक वाचताना. आणि दुसऱ्यानं चुकीचं केलेलं काम दुरुस्त करताना, तेव्हा तर एका तासात सहा. माँट्रियलच्या संशोधकांनी २०१५ साली हेच मांडलं, की अशा सवयींमागं घाबरटपणापेक्षा कंटाळा, अधीरपणा आणि सगळं नीटनेटकंच हवं हा हट्ट जास्त असतो. वाचलं आणि मला तू आठवलीस. बायोलॉजीच्या वहीत एक आकृती बिघडली म्हणून अख्खं पान फाडणारी. तुला नखाची वाकडी कड सहन होत नाही, गुड्डे. एवढंच आहे ते. त्यात वेडेपणा नाही, वाईट वळण नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की तुझी खरी वैरीण ती कड आहे. ती राहिलीच नाही तर अर्धं काम झालं. नेलकटर आणि नखं घासायची पट्टी पेन-पाऊचमध्ये ठेव, कपाटात नको. कपाटातली पट्टी शोधायला उठेपर्यंत दातांनी काम उरकलेलं असतं. खरखर लागली की लगेच घास, एकाच दिशेनं. करवतीसारखं मागं-पुढं केलंस तर कड आणखी फाटते. सालपट निघालं असेल तर ओढू नकोस, मुळाशी कापून टाक. रात्री नखांच्या कडांना खोबरेल तेल. थंडीत आपल्या वऱ्हाडात कातडी एवढी कोरडी पडते की आधी सालपटं निघतात आणि मग सवय सुरू होते. सवयीनंच सालपटं निघतात असं नाही.

आणि हाताला काम. बोट वर निघालंय हे लक्षात आलं की मूठ मिट, अंगठा बाहेर ठेव, एक ते तीन मिनिटं हलकी आवळून ठेव. वर्गात बसल्या बसल्या जमतं, कोणाला दिसत नाही. मूठ जमली नाही तर दुसरं आहे. जर्मनीतल्या स्टेफन मोरिट्झ यांच्या गटानं २०२३ साली २६८ जणांवर एक प्रयोग केला. बोट तोंडाकडं जायला लागलं की अंगठा आणि बोटांची टोकं एकमेकांवर किंवा तळहातावर अगदी हलकेच चोळायची, एवढंच. सहा आठवड्यांत साधारण ५३ टक्के लोकांना फरक पडला. ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं त्यांच्यात २० टक्क्यांच्या आसपास. नखं खाणाऱ्यांना त्याचा विशेष गुण आला. पण हिशोब तूही करू शकतेस, जवळपास निम्म्यांना फरक पडलाच नाही. तू त्या निम्म्यांत निघालीस तर मूठ करून पाहा, तेही नाही तर पेन फिरव, जपमाळ घे, रबरबँड ओढ. चुकली ती पद्धत. तू नाहीस.

मेडिकलच्या दुकानात कडू नेलपॉलिश मिळतं, त्याचं विचारशील म्हणून सांगते. त्यातलं द्रव्य १९५८ साली स्कॉटलंडमध्ये भुलीच्या औषधांवर काम करताना सापडलं, जगातल्या सगळ्यांत कडू पदार्थांपैकी एक. विषारी वगैरे नाही. पण ते काट्या-चमच्यानं जेवणाऱ्यांसाठी ठीक. आपण वांग्याच्या भाजीत रोडगा हातानं कुस्करतो, वरणभात बोटांनी कालवतो. मी ते लावून एकदा जेवायला बसले आणि पहिल्या घासाला ताट सरकवलं. आईला वाटलं भाजी बिघडली, दोन दिवस ती रुसलेली होती. लावायचंच तर फक्त डाव्या हाताला लाव. तसंही तुझा डावा अंगठा उजव्यापेक्षा जास्त खराब दिसला मला. उजव्या हातात पेन असतं ना.

जंतांचं, दातांचं तुला वर्गातच शिकवलं असेल, म्हणून लांबवत नाही. दरवर्षी फेब्रुवारीत शाळेत ती चघळायची गोळी देतात, जंतांची अंडी नखांखालूनही पोटात जातात. एक मात्र घरचं सांगते. दिवाळीत तू शेतात गेलीस, पऱ्हाटीत हात घातलास, त्याच्या आठ दिवस आधी बाबांनी फवारणी केली होती. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून बाबा तोंडाला फडकं बांधतात. आणि तू तेच हात धुऱ्यावर बसून तोंडात घालत होतीस. मी पाहिलं होतं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. शेतातून आलीस की साबणानं, नखांच्या कडांना ब्रश लावून हात धू. सवय सुटेल तेव्हा सुटेल, हे आजपासून.

हां, आणि तू शोधून काढशीलच, म्हणून मीच आधी सांगते. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. लहानपणी अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्यांत तेराव्या वर्षी ॲलर्जीची चाचणी कमी जणांना लागली, ३८ टक्के, इतरांत ४९. २०१६ साली छापून आलंय. पण ते संशोधकसुद्धा म्हणाले, म्हणून कोणी नखं खायला लावू नका. तेव्हा हा पुरावा माझ्यापुढं टाकू नकोस. वकिली नाही करायची तुला, डॉक्टरकी करायचीय.

आता धीराचं. आपल्याच अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनीजमध्ये नाव लागलं. बाबा ते अजून पाहुण्यांना सांगतात. नखाचं तसं नाही बाई. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिन्यांच्या आसपास. पहिल्या महिन्यात तुला वाटेल काही होतच नाहीये, आणि तिथंच मी तीनदा हरले. मग एका मामेबहिणीच्या लग्नात सापडलं ते सांगते. मेंदी काढणारीनं हौसेनं माझ्या उरल्यासुरल्या नखांवरही मेंदी थापली. हातावरची आठवड्यात गेली, नखावरची जात नाही, ती नखाबरोबरच वाढते. पंधरा दिवसांनी पाहिलं तर मुळाशी एक पांढुरकी कोर, मेंदी नसलेली. दोरा ठेवावा एवढी. मग रोज पाहायला लागले. कोर रुंद होत गेली, लाल भाग टोकाकडं सरकत गेला. नख वाढतंय हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. घरच्या कोणत्याही रागावण्यानं जे झालं नाही ते त्या कोरीनं केलं. ती मोडायला हात धजेना.

तूही लाव. साधी पाल्याची मेंदी, ती पटकन काळी करणारी नको, तिनं कातडी भाजते. आणि आधी जखमा भरू दे. फक्त नखांवर, बोटांच्या पेरांना नको. नीटच्या फॉर्मला दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे लागतात, तिथं उगाच कटकट नको. आज लावलीस तर परीक्षेपर्यंत बराचसा लाल रंग टोकाला जाऊन कापलाही गेलेला असेल.

मधे एखाद्या रात्री, मॉक टेस्टला मार्क कमी पडले की, पाचही बोटं साफ करशील. मी केलीत. तेव्हा सकाळी नेलकटर घे, कडा घास, तेल लाव, टिंबं काढ, झालं. रात्रीचा पंचनामा करत बसू नकोस. पण नखाच्या मुळाशी रक्त येत असेल, बोट परत परत पिकत असेल, किंवा नखांसोबत केस उपटणं, झोप न येणं, रडू येणं असं काही चालू असेल तर मला लपवू नकोस. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, मी येईन सोबत. आणि रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं आणि ताई झोपलेली असली तर १४४१६, टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

मैत्रिणींना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी एकीला सांगितलं होतं. माझा हात वर गेला की ती काही बोलायची नाही, फक्त स्वतःची मूठ मिटायची. टोकायची असती तर मी तिच्यावरच चिडले असते. आईला मात्र सध्या नको. ती उद्याच नवस बोलेल अंबादेवीला, आणि मग तुझ्या नखांकडं तू, आई आणि देवी अशा तिघी पाहायला लागाल.

खरं सांगू? परवा एका फाइलवर कुणीतरी रकाने चुकीचे भरले होते, ते दुरुस्त करता करता माझ्या डाव्या करंगळीची कड गेली. नऊ वर्षांनी. घासून टाकली.

डिसेंबरअखेर बाबा कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनाला अकोल्याला येतायत. त्यांच्याबरोबर डबा पाठवते, वांग्याची भाजी वेगळ्या बरणीत आहे, त्याच दिवशी संपव. संत्री या वेळी सहा आहेत, साल सगळ्यांची सैल. मेंदीचा कोन वर्तमानपत्रात गुंडाळलाय. नेलकटर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, आईचाच उचललाय. तिनं फोनवर विचारलं तर तुला काही माहीत नाही.